लेण्यातला उजेड

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतील पंधरा-वीस माणसे मिळून आम्ही अजिंठ्यास गेलो. फर्दापूरच्या फाट्यावर एस.टी. सोडली आणि तेथून लेण्यांच्या बसने पायथ्याशी पोहोचलो. बाहेर ऊन असे की डोक्यावरचा पदर तापत होता. पण पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात पाऊल ठेवले आणि जीव थंड झाला. आमच्या एक म्हाताऱ्या उपासिका म्हणाल्या, "तथागताच्या सावलीत आलो गं बायांनो." बोलणे गोड होते, आणि सावलीचे खरेही होते. बेसाल्टचा एवढा जाड कातळ तापायला फार वेळ लागतो. त्यात जेथे ऊन पोचतच नाही, तेथे मे महिन्यातही गारवा टिकतो. पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही, त्याचे उत्तरही ह्यातच आहे.

गाभाऱ्यात भगवान बुद्धांची मोठी मूर्ती आहे. गाईडने बॅटरीचा झोत एका बाजूने टाकला, तेव्हा मुद्रा गंभीर वाटली. दुसऱ्या बाजूने टाकला, तेव्हा ओठांवर हसू आल्यासारखे झाले. समोरून टाकला, तर ध्यानस्थ शांतता. आजींनी हात जोडले, "चमत्कारच म्हणायचा!"

आमच्यात नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली एक मुलगी होती. ती हळूच म्हणाली, "आजी, मूर्ती तीच आहे. बॅटरी हलली."

मग तिने समजावले. प्रकाश सरळ रेषेत जातो. नाक, ओठ, भुवई ह्यांचा उंचवटा त्याला अडवतो आणि पलीकडे सावली पडते. उजेडाची जागा बदलली की सावली सरकते, आणि आपल्या डोळ्यांना चेहरा बदलल्यासारखा वाटतो. रात्री हनुवटीखाली बॅटरी धरून पोरे एकमेकांना भूत दाखवितात, तेही हेच! आजी हसल्या. त्यांनी पुन्हा वंदन केले, पण ह्या वेळी ज्या हातांनी तो दगड कोरला त्यांना. आम्हांस ते वंदन अधिक आवडले.

चित्रांच्या लेण्यात एका वेळी ठराविकच माणसे सोडतात. बाहेर रांगेत मुलीचे वडील वैतागले. ते वायरमनच्या हाताखाली काम करतात. मुलीने त्यांनाच हिशेब घातला. शांत बसलेले माणूसही साधारण 100 वॅटच्या बल्बएवढी उष्णता सोडते. 40 माणसे आत गेली, तर किती? "चार हजार वॅट," वडील पटकन म्हणाले, "म्हणजे दोन गिझर चालू केल्यासारखं." शिवाय श्वासाची वाफ. चित्रे मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. ओल धरली आणि सुकली, पुन्हा धरली आणि सुकली, की गिलावा भिंत सोडू लागतो. पावसाळ्यात आपल्या घरचे पोपडे निघतात तसेच. फ्लॅशला मनाई आहे, कारण तीव्र उजेडाने रंग उडतात. खिडकीजवळच्या पडद्याचा रंग का विटतो, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते.

वडील थोडा वेळ भिंतीकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे ह्या भिंतीलाबी लोड असतो."

असा माणूस, आणि परतताना बसमध्ये तोच म्हणतो, "सायन्स आपल्याला झेपत नाही. पोरीला आर्ट्सला घालू. क्लासची फी कुठून आणायची?" फीची अडचण खरी आहे, ती आम्ही हसण्यावारी नेणार नाही. पण 'झेपत नाही' हे कोणी ठरवले? बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. तेव्हा दार दुसऱ्यांनी लावले होते. आता कडी आतून लागते आहे, असे आम्हांस वाटते, आणि हे लिहिताना वाईटही वाटते. आर्ट्स हलके आहे असे नव्हे. मुलीला जे आवडते ते भीतीपोटी सोडायला लावणे, हे आम्हांस मान्य नाही. जो गृहस्थ फ्यूज का उडाला हे न पुस्तक उघडता सांगतो, त्याच्या लेकीला ओहमचा नियम परका कसा?

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. पुढे त्यास मिलिंदाचे नाव मिळाले. मिलिंद हा भन्ते नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारणारा राजा. त्याच नागसेनवनात आज विज्ञानाचे स्वतंत्र मिलिंद महाविद्यालयही आहे. अजिंठ्याहून ते सुमारे शंभर किलोमीटर. परत येताना आमची गाडी शहरात शिरली तेव्हा अंधार पडला होता. आम्ही वडिलांना म्हटले, एकदा पोरीला घेऊन तिकडे जा, अकरावीची चौकशी करा, शिष्यवृत्तीचे विचारा.

ते 'बघू' म्हणाले. मग घरी गेल्यावर त्यांनी मुलीला विजेचे बिल दाखविले आणि विचारले, "हा युनिट म्हंजी नेमकं काय गं?" ती म्हणाली, "हजार वॅट, एक तास. पप्पा, आपला पंखा किती वॅटचा?" ते खुर्चीवर चढून पंख्यावरची पट्टी वाचू लागले. दुसऱ्या दिवशी तिच्या आईने हे आम्हांस सांगितले. अर्ज अजून भरलेला नव्हता.