अंतराळ स्थानक: गड की छावणी?

१/
अंतराळ स्थानक ताब्यात घेण्याची लढाई हा लष्करी शूटर गेममधला आता ओळखीचा प्रसंग झाला आहे. २०१३ साली आलेल्या ‘कॉल ऑफ ड्यूटी: घोस्ट्स’मध्ये पृथ्वीभोवती फिरणारे ‘ओडिन’ नावाचे सशस्त्र स्थानक आहे. शत्रूचे सैनिक त्यात शिरतात, अंतराळ पोशाखातली माणसे तरंगत तरंगत एकमेकांवर गोळ्या झाडतात आणि स्थानकावरून सुटलेले धातूचे दांडे खालच्या शहरांची राखरांगोळी करतात. खेळणाऱ्याच्या मनावर एकच सूत्र ठसते: जो वर, तो विजयी.

२/
मराठी मुलाला हे सूत्र नवे नाही. राजगड, रायगड, पन्हाळा यांच्या गोष्टींवर वाढलेल्या पिढीला उंचीचे मोल शिकवावे लागत नाही. म्हणूनच पडद्यावरचे स्थानक पाहताच त्याला आकाशातला गड दिसतो. ही उपमा मोहक आहे, पण चुकीची आहे. अंतराळ स्थानकाचा खरा पूर्वज सह्याद्रीच्या माथ्यावर सापडत नाही. तो सोलापूर जिल्ह्याच्या सपाटीवर, नीरा, भीमा आणि माण या नद्यांच्या काठी सापडतो. त्याचे नाव छावणी.

३/
अकलूज नीरेच्या काठी वसले आहे. येथील कोट भुईकोट आहे. त्याला डोंगराचा आधार नाही. १६८८ च्या अखेरीस विजापुरात प्लेगची भीषण साथ पसरली आणि औरंगजेबाने तेथून मुक्काम हलवला. १६८९ च्या आरंभी बादशाही छावणी अकलूजला होती. छत्रपती संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेल्याची वार्ता बादशहाला येथेच मिळाली, आणि मग छावणी बहादूरगडाकडे, म्हणजे पेडगावकडे निघाली. मराठ्यांच्या इतिहासातली एक अतिशय काळी घटना अकलूजच्या नावाशी अशी जोडली गेली आहे. त्या दिवसांत साम्राज्याची खरी राजधानी दिल्लीत नव्हती. ती तंबूंत होती आणि चालत होती.

४/
ही छावणी किती मोठी होती? इटालियन प्रवासी जेमेली कारेरी १६९५ मध्ये कृष्णाकाठच्या गलगले येथे औरंगजेबाला भेटला. त्याने नोंदवलेले आकडे असे: सुमारे तीस मैलांचा घेर, पाच लाख माणसे, तीन हजार हत्ती, अडीचशे बाजार. हे ऐकीव आकडे अर्ध्यावर आणले, तरी एक फिरते महानगर डोळ्यांपुढे उभे राहते. त्याच वर्षी हा मुक्काम भीमाकाठी ब्रह्मपुरीस, आजच्या मंगळवेढा तालुक्यातील माचणूरजवळ आला आणि १६९९ पर्यंत तेथेच राहिला. ब्रह्मपुरीचे नावही बदलून ‘इस्लामपुरी’ करण्यात आले.

५/
या महानगराची एक उणीव होती: ते स्वतः काहीच पिकवत नव्हते. धान्य, वैरण, दारूगोळा, पगाराचा पैसा, सारे बाहेरून येई. धान्य वाहणारे बंजाऱ्यांचे बैलतांडे थांबले की बाजार थांबत. मराठ्यांनी हे नेमके ओळखले. १६९२ च्या अखेरीस संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव जिंजीच्या मुलखात उतरले. त्यांनी वेढ्यावर बसलेल्या मोगलांची रसद आणि बातमी दोन्ही तोडली. वेढा घालणाराच वेढला गेला आणि झुल्फिकारखानाला मोर्चे उठवून वांदिवाशकडे मागे सरावे लागले. तेथे निर्णय लावला तो किल्ल्याच्या उंचीइतकाच शत्रूच्या रिकाम्या कोठारांनी.

६/
आता वर पाहावे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने फिरते आणि साधारण ९० मिनिटांत एक प्रदक्षिणा पुरी करते. तेथे धान्य पिकत नाही, इंधन निघत नाही. ऑक्टोबर २०१४ ते जून २०१५ या आठ महिन्यांत स्थानकाकडे निघालेली तीन मालवाहू याने नष्ट झाली, दोन अमेरिकी आणि एक रशियन. लागोपाठच्या या हानीनंतर जमिनीवरच्या नियोजनकारांचे सारे लक्ष वर किती साठा उरला आहे याकडे लागले. रामचंद्रपंत अमात्यांची ‘आज्ञापत्र’ गड बांधण्याआधी पाणी पाहायला सांगते. स्थानकावर हाच नियम इतका कठोर आहे की अंतराळवीरांचा घाम आणि मूत्रही शुद्ध करून पिण्यास वापरतात. २०२३ मध्ये नासाने ही पुनर्प्राप्ती ९८ टक्क्यांवर पोहोचल्याचे जाहीर केले.

७/
गडाला आणखी एक वरदान असते: आडोसा. दरी, झाडी, चोरवाटा, धुके. स्थानकाला यांतले काहीच नाही. त्याची कक्षा ठरलेली, त्याची वेळ ठरलेली. पहाटे किंवा तिन्हीसांजेला अकलूजच्या गच्चीवरूनही ते तेजस्वी ठिपक्यासारखे सरकताना नुसत्या डोळ्यांनी दिसते आणि पुढच्या वेळी कधी दिसेल तेही आधी कळते. ज्याचा मार्ग सर्वांना ठाऊक आहे आणि ज्याला दडायला जागा नाही, त्या तळाला गड कसे म्हणावे?

८/
स्थानकावर तोफ बसवण्याचा प्रयोग प्रत्यक्षात झालेला आहे. सोव्हिएत संघाचा ‘अल्माझ’ हा लष्करी स्थानकांचा कार्यक्रम होता. जून १९७४ मध्ये सोडलेले त्यातले एक स्थानक जगाला ‘सल्यूत-३’ या साळसूद नावाने सांगितले गेले. त्यावर विमानातील तोफेवरून घडवलेली जलदगती तोफ होती. ती स्थानकाला पक्की जखडलेली. नेम धरायचा तर सुमारे अठरा टनांचे अख्खे स्थानक वळवायचे. जानेवारी १९७५ मध्ये ती डागली गेली, पण स्थानकात कोणी नसताना, जमिनीवरून आज्ञा देऊन. निर्वात जागेत गोळी सुटते, कारण दारूत स्वतःचा ऑक्सिजन पुरवणारे द्रव्य असते. मात्र तिचा धक्का शोषून घेणारी जमीन तेथे नसते. गेममधला सैनिक गोळी झाडून स्थिर राहतो. खरा सैनिक मागे फेकला गेला असता.

९/
अमेरिकेचीही अशीच एक योजना होती. ‘मॅन्ड ऑर्बिटिंग लॅबोरेटरी’ नावाचे हे लष्करी स्थानक १९६३ मध्ये जाहीर झाले आणि १९६९ मध्ये, कोणीही त्यात राहायला जाण्यापूर्वीच, रद्द झाले. त्याचे मुख्य काम होते टेहळणी, आणि ते काम मानवरहित उपग्रह स्वस्तात करू लागले होते. उपग्रहाला जेवू घालावे लागत नाही, त्याला परत आणावे लागत नाही. सोव्हिएतांची माणसे असलेली अल्माझ स्थानकेही १९७७ नंतर संपली. ‘जो वर, तो विजयी’ या सूत्राची परीक्षा दोन महासत्तांनी अमाप पैसा खर्चून घेतली आणि दोघींनीही ते फळ्यावरून पुसले.

१०/
छावणीचा तिसरा शत्रू असतो तिचाच परिसर. ऑक्टोबर १७०० मध्ये सांगोल्याच्या बाजूला, माण नदीकाठी खवासपूरला बादशाही मुक्काम असताना वरच्या भागातल्या पावसाने नदीला अकस्मात पूर आला. तंबू, माणसे, जनावरे वाहून गेली. त्या धावपळीत औरंगजेबाचा पाय दुखावला आणि तो कायमचा लंगडा झाला. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी रशियाने आपलाच जुना ‘कॉसमॉस-१४०८’ उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. दीड हजारांहून अधिक मोठे तुकडे कक्षेत पसरले आणि स्थानकातल्या सात जणांना परतीच्या यानांत आश्रय घ्यावा लागला. त्या सातांत दोन रशियनही होते. कक्षेत सुटलेला तुकडा आपला-परका ओळखत नाही. गेममध्ये मात्र फुटलेल्या स्थानकाचे अवशेष दृश्य संपताच नाहीसे होतात.

११/
यावर आक्षेप ठरलेला आहे: गेम हा गेम आहे, त्यातून इतिहास कशाला शिकायचा? आक्षेप निम्मा खरा आहे. मनोरंजनाला सूट असतेच. पोवाडाही अतिशयोक्ती करतो. परंतु पोवाड्याच्या श्रोत्याभोवती गड होते, पाऊस होता, दुष्काळ होता. अतिशयोक्ती कुठे संपते हे त्याला कळत असे. अंतराळाचा असा अनुभव कोणाच्याही गाठीशी नाही. तेथले चित्र गेम रंगवील तेच खरे वाटते. १९६७ चा अंतराळ करार कक्षेत अण्वस्त्रे आणि सामूहिक संहाराची अस्त्रे ठेवण्यास बंदी घालतो, साध्या तोफेस नाही. ही फट बुजवावी की वापरावी, हे पुढे ज्यांच्या मतावर ठरेल, ते आज गेम खेळत आहेत.

१२/
भारतापुरता हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. राकेश शर्मा १९८४ मध्ये सल्यूत-७ वर राहून आले, शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकावर. २०३५ पर्यंत स्वतःचे स्थानक उभारण्याचे देशाचे उद्दिष्ट आहे. दुसरीकडे, २७ मार्च २०१९ रोजी ‘मिशन शक्ती’त भारताने सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरचा आपलाच उपग्रह पाडला, अवशेष लवकर खाली यावेत म्हणून उंची कमी ठेवल्याचे सरकारने तेव्हा सांगितले. स्थानक बांधू पाहणारा आणि उपग्रह पाडू शकणारा देश एकच आहे. त्याच्या तरुणांनी या दोन्ही गोष्टींचा विचार एकत्र केला पाहिजे.

१३/
गेम घडवणारे हातही आता परके नाहीत. ‘इंडस’ हा भविष्यकालीन भारतीय कल्पनाविश्वातला शूटर गेम पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ने २०२४ मध्ये आणला. अशा एखाद्या चमूने अंतराळ स्थानकाची लढाई रचायला घेतली, तर त्यांनी गडाआधी छावणीचा नकाशा पुढे ठेवावा. खेळणाऱ्याला बंदुकीसोबत पाण्याचा आणि हवेचा हिशेब द्यावा. मालवाहू यान वेळेवर आले नाही तर काय होते, ते त्याला भोगू द्यावे. आणि त्याने फोडलेल्या प्रत्येक वस्तूचा तुकडा नव्वद मिनिटांनी त्याच्याच दिशेने परत येऊ द्यावा. नकाशासाठी लांब जाण्याची गरज नाही. अकलूज, ब्रह्मपुरी आणि खवासपूर ही तिन्ही गावे एकाच जिल्ह्यात आहेत.