शिधापत्रिकेवरची माणसे मोजा

वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडच्या रास्त भाव दुकानात गरिबी मोजण्याच्या तीन तऱ्हा शेजारी शेजारी नांदतात. अंत्योदयाचे कार्ड असेल, तर घरात एक माणूस असो की नऊ, महिन्याला 35 किलो धान्य. प्राधान्य कुटुंबाचे कार्ड असेल, तर माणशी 5 किलो. आणि केशरी कार्डाचा शेतकरी असेल, तर वाशीम हा शेतकरी आत्महत्यांच्या 14 जिल्ह्यांत मोडत असल्याने 2023पासून धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये खात्यात. पुढे त्याचे 170 झाले. आता नऊ जणांच्या अंत्योदय घराचा हिशेब मांडून पाहा. माणशी चार किलोसुद्धा हाती लागत नाही. सरकारनेच सर्वांत गरीब ठरवलेले घर त्याच्याहून बऱ्या स्थितीतल्या घरापेक्षा माणशी कमी धान्य घेऊन परतते, आणि हे कायद्याप्रमाणेच घडते.

धान्याच्या वाटपात निदान काही ठिकाणी माणसे मोजली जातात. पात्रता ठरवताना मात्र ती मोजलीच जात नाहीत. प्राधान्य यादीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 44,000 आणि शहरात 59,000 रुपये. कारंजात नगरपरिषद असल्याने तिथे 59,000चा आकडा लागू होतो, पलीकडे कामरगाव किंवा उंबर्डा बाजार या गावांत 44,000चा. एकटी राहणारी वृद्ध बाई असो की आजी, दोन भाऊ, दोन सुना आणि दोन लहान मुले असे सात जणांचे घर असो, मर्यादा तीच. सात जणांच्या घराला 59,000 म्हणजे माणशी महिना साधारण 700 रुपये. एकटीला तेच 4,900च्या वर. लाडकी बहीण योजनेची अडीच लाखांची अट असो की आर्थिक दुर्बल घटकाच्या आरक्षणाची आठ लाखांची, तिथेही संपूर्ण कुटुंबाचा एकच आकडा पाहिला जातो.

मग उत्पन्नाला माणसांच्या संख्येने भागले की प्रश्न सुटला, असे वाटेल. आपल्याकडची दारिद्र्यरेषा अर्थतज्ज्ञ दांडेकर-रथ यांच्या 1971च्या पुस्तकापासून तेंडुलकर समितीपर्यंत माणशी खर्चावरच आखली गेली. पण माणशी भागाकारही एका बाजूला झुकतो. एका चुलीवर जेवणाऱ्या सात जणांना सात खोल्या, सात मीटर, सात सिलिंडर लागत नाहीत. एकटीच्या खोलीचे भाडे आणि विजेच्या बिलातला स्थिर आकार मात्र तिच्या एकटीच्याच माथी. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेज आणि पी. व्ही. श्रीनिवासन यांनी 1997मध्ये नेमके हेच दाखवले. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या आकड्यांत माणशी खर्च पाहिला, तर ग्रामीण विधवांची घरे इतरांपेक्षा गरीब दिसत नव्हती. एकत्र राहण्यातल्या बचतीचा थोडासा हिशेब धरताच ती गरीब ठरली, कारण ही घरे लहान असतात. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या पश्चिम विदर्भात या निष्कर्षाकडे काणाडोळा करणे परवडणारे नाही.

यावर तोडगा जुना आहे. पहिल्या प्रौढाला 1, पुढच्या प्रत्येक प्रौढाला 0.7, मुलाला 0.5 असे भार देण्याची पद्धत श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने 1982मध्येच सुचवली होती. वरच्या सात जणांच्या घराचे 4.8 एकक होतात. म्हणजे 59,000 कमावणाऱ्या एकटीच्या बरोबरीने जगायला त्या घराला सुमारे 2 लाख 83 हजार रुपये लागतील. एकच मर्यादा दोघांना लावणे किती चूक आहे, ते या एका आकड्यात दिसते.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की गरिबाचा खर्च पोटावर होतो, आणि भाकरी वाटून खाल्ली म्हणून भूक निम्मी होत नाही. तेव्हा श्रीमंत देशांतले भार इथे कशाला? आक्षेप खरा आहे, म्हणूनच युरोपात पुढे वापरात आलेले 0.5 आणि 0.3 हे आणखी हलके भार इथे नकोत. पण 2023-24च्या घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणात ग्रामीण भारतातही अन्नाचा वाटा सुमारे 47 टक्केच होता; निम्म्याहून अधिक खर्च इतर गोष्टींवर, आणि त्यातला बराच सामायिक. भार किती, यावर वाद घालावा. सध्याच्या नियमात पहिल्या माणसानंतरच्या प्रत्येकाचा भार शून्य धरलेला आहे, याचे समर्थन कोणी करत नाही. दुसरा आक्षेप कागदोपत्री चूल वेगळी करण्याचा. ती खोड आजच्या नियमानेच लावली आहे: घर फोडले की मर्यादा सरळ दुप्पट होते. दोन प्रौढांचे भार धरून 1.7 होत असतील, तर फोडून मिळणारा फायदा 0.3चाच उरतो. घरातल्या घरात सुनेच्या ताटात काय पडते, हे मात्र कुठलाच भार सांगू शकत नाही. त्याचा उपाय वेगळा शोधावा लागेल. हिशेब किचकट होईल, ही तक्रार तर टिकतच नाही. प्रत्येक शिधापत्रिकेवर नावे आणि वये आहेत, ती आधारशी जोडलेली आहेत, गुणाकार संगणकाने करायचा आहे.

आपण उलट्या दिशेने गेलो, हे जास्त खटकते. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला 1,000, एक अपत्य असल्यास 1,100 आणि दोन असल्यास 1,200 रुपये मिळत. फरक तुटपुंजा होता, पण मुलांनाही पोट असते याची दखल त्यात होती. जुलै 2023मध्ये सर्वांना सरसकट 1,500 केले. वाढीचे स्वागत झाले आणि मुलांचा हिशेब गुपचूप पुसला गेला. दोन मुले असतील म्हणून विधवा श्रीमंत होत नाही. राज्य सरकारने अपत्यांनुसार वाढीव रक्कम या योजनेत परत आणावी, आठ-नऊ जणांच्या अंत्योदय घराला किमान माणशी 5 किलो द्यावे, आणि उत्पन्नाच्या प्रत्येक मर्यादेपुढे घरातल्या माणसांप्रमाणे तक्ता जोडावा.