पाणी आणणारे आणि ‘जिंकली’ जाणारी



‘द विनिंग ऑफ बार्बरा वर्थ’ हा १९२६ सालचा अमेरिकन मूकपट प्रगतिशील म्हणून दाखवला जाऊ शकतो. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात कोलोरॅडो नदीचे पाणी येते, नफेखोर भांडवलदार उघडा पडतो, शेवटी शेते डोलतात. माझा आक्षेप नावापासूनच सुरू होतो. बार्बराला ‘जिंकायचे’ आहे! दोन इंजिनिअर, एक शहरी, एक तिथलाच. दोघांचे तिच्यावर प्रेम. नदी वळवायची, जमीन काबीज करायची आणि त्याच हिशेबात बाईही मिळवायची. सुरुवातीला वाळूच्या वादळात एक आई मरते, तिची पोर म्हणजे बार्बरा. विल्मा बँकीने आई आणि मुलगी दोन्ही रंगवल्या आहेत. म्हणजे बाईला जागा दोनच: मरणारी आई, नाहीतर बक्षीस.

दुसरा आक्षेप ‘ओसाड’ या शब्दाला. ती जमीन ओसाड नव्हती, तिथे काहुइया आदिवासी राहत होते. प्रत्यक्षात १९०४ मध्ये कंपनीने पक्का दरवाजा न बांधताच नदीचा काठ फोडला. १९०५ मध्ये नदी उलटली आणि १९०७ पर्यंत सखल भागात वाहत राहिली. त्यातून साल्टन समुद्र तयार झाला आणि टोरेस-मार्टिनेझ काहुइयांची हजारो एकर जमीन पाण्याखाली गेली. चित्रपटात पूर आहे, कंपनीची लबाडीही आहे. पण दुःख मोजले जाते ते गोऱ्या वसाहतवाल्यांचेच.

आणि पाणी आल्यावर जमीन कोणाची? १९१३ च्या कायद्याने कॅलिफोर्नियात आशियाई स्थलांतरितांना शेतजमिनीची मालकी नाकारली. याच इम्पीरियल खोऱ्यात आपल्याकडचे पंजाबी शेतकरी कापूस पिकवत होते. त्यांच्यातल्या अनेकांनी मेक्सिकन बायकांशी संसार थाटले. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद खटल्यात भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरवले. अशा ‘अपात्र’ पुरुषाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचे स्वतःचे नागरिकत्व १९२२ च्या केबल कायद्याने हिरावले जाई. ही तरतूद १९३१ मध्ये गेली. म्हणजे हा चित्रपट पडद्यावर होता तेव्हा खऱ्या खोऱ्यातल्या बाईने नवरा निवडला तर देश गमवावा लागू शकत होता! त्या बाईची प्रेमकथा कुणाला सुचली नाही.

कुणी म्हणेल, पटकथा तर फ्रान्सिस मॅरियन या बाईनेच लिहिली आहे. खरे आहे, आणि त्या काळच्या हॉलिवूडमध्ये तिचा दबदबा मोठा होता. पण बाईच्या हाती लेखणी आली म्हणजे कथेची चौकट आपोआप बदलत नाही. विकास पुरुषाचा पराक्रम आणि बाई त्याची पावती, ही चौकट आपणही कितीदा निमूट स्वीकारतो!

आज साल्टन समुद्र आटतो आहे. उघड्या पडलेल्या तळाची विषारी धूळ भोवतालच्या वस्त्यांवर उडते, आणि तिथे राहतात मुख्यतः शेतमजूर कुटुंबे. पडद्यावरचा सुखान्त त्यांच्यापर्यंत पोचलेला नाही.

हा चित्रपट आपल्या गटांत जरूर दाखवा. मात्र दिवे लागल्यावर लगेच उठू नका. पाणी कोणी आणले, एवढ्यावर चर्चा संपवू नका. कोणाची जमीन बुडाली, नवी जमीन कोणाच्या नावावर चढली आणि ठरवताना बाई कुठे होती, हे प्रश्न विचारा. मग हेच प्रश्न आपल्या तालुक्यातल्या कालव्याला आणि घरातल्या सातबाऱ्यालाही विचारा.