शाळेचे दार उघडले, पण आसनाचे काय?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने चाळीस टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षणाचा अधिकार दिला. शाळेचे दार उघडले, हे खरे. पण त्या दारातून आत आणलेले मूल वर्गात बसणार कसे, याचा विचार अद्याप पुरेसा झालेला नाही. जन्माच्या सुमारास मेंदूस इजा झाल्याने ज्याची मान सावरत नाही आणि पाय कात्रीसारखे आवळले जातात, असे मूल बाकावर ठेवले तर ते पुढे घसरते किंवा एका बाजूस कलंडते. त्याची सारी शक्ती तोल सावरण्यातच खर्ची पडते. पाटीवर अक्षर काढण्यास हात मोकळा राहत नाही. अशा मुलास मंदबुद्धी ठरविले जाते, तेव्हा उणीव पुष्कळदा बुद्धीची नसून आसनाची असते.

या आसनाचा विचार करणारे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार. आशियातील या शास्त्राचे पहिले विद्यालय १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात, जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकर यांनी सुरू केले. मुलाचा व्यवसाय म्हणजे जेवणे, खेळणे आणि शिकणे. आणि या तिहींचा पाया म्हणजे स्थिर देह. कंबर मागे नीट टेकलेली, गुडघे काटकोनात, पावले पाटावर आणि समोरचे मेज कोपराच्या उंचीचे, एवढे साधले की धड स्थिरावते, नजर ठरते, हात मोकळे होतात. आडवे निजवून भरविल्यास घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. बसते करून, हनुवटी किंचित खाली ठेवून भरविल्यास तो कमी होतो. अशा मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुलांचा खुब्याचा सांधा हळूहळू निखळू लागतो. केवळ योग्य आसनाने ते हमखास टळते असे नव्हे. त्यासाठी वेळोवेळी क्ष-किरण तपासणी आणि प्रसंगी शस्त्रक्रियाही लागते. शिवाय उत्तम आसनही तासन् तास तसेच ठेवले तर ते शिक्षाच ठरते. म्हणूनच कूस बदलणे, पालथे निजविणे, आधाराने उभे करणे हे सारे दिवसभर चालले पाहिजे.

आणि ‘दिवसभर’ या शब्दापाशीच शासकीय व्यवस्था अडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. त्यानुसार तपासणी पथकांनी अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जावे, आणि दोष आढळलेल्या मुलास जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवावे, अशी योजना आहे. योजना स्तुत्य आहे. परंतु धरणगावहून जळगाव सुमारे ३० किलोमीटर दूर. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून, कडेवर न मावणारे मूल घेऊन दर आठवड्यास एवढा प्रवास किती माता करू शकतील? आणि केला तरी तज्ज्ञाच्या हाती मूल असते अर्धा तास. उरलेले साडेतेवीस तास ते घरच्या खाटेवर, झोळीत वा आईच्या मांडीवर असते. खरा उपचार तेथेच व्हावयाचा असतो.

अशिक्षित हातांनी अपायच होईल, हा आक्षेप निराधार नाही. प्रत्येक मुलाची गरज निराळी असते, आणि मापाविना केलेली खुर्ची आधार देण्याऐवजी मुलास जखडून टाकते. पण याचा अर्थ हे ज्ञान रुग्णालयातच कोंडून ठेवावे असा होत नाही. मेक्सिकोतील खेड्यांत काम केलेल्या डेव्हिड वर्नर यांनी खेड्यांतील अपंग मुलांविषयीचा आपला ग्रंथ १९८७ साली प्रसिद्ध केला. कुटुंब आणि गावचा कारागीर यांच्या साहाय्याने साध्या वस्तूंतून साधने बनविता येतात, हा त्याचा गाभा आहे. धरणगावात सुतार आहेत, शिंपी आहेत, आणि गोधडीची वळकटी तर घरोघर होते. माप तज्ज्ञाने द्यावे, खुर्ची सुताराने करावी आणि ती कशी वापरावी हे आई, अंगणवाडी सेविका व शिक्षक यांनी शिकून घ्यावे, अशी ही विभागणी आहे.

यासाठी नवा कायदा नको. २०१६ च्या कायद्याच्या १७ व्या कलमानुसार अशा विद्यार्थ्यांस अठराव्या वर्षापर्यंत योग्य साहाय्यक साधने विनामूल्य पुरविणे हे शासनाचे कर्तव्य आहे. आधाराची खुर्ची ही अशा साधनांतच मोडते. तज्ज्ञाने महिन्यातून एक दिवस तालुक्याच्या गावी यावे, वाढत्या मुलाचे माप ठरावीक काळाने पुन्हा घ्यावे, आणि एखाद्या स्थानिक सुतारास हे काम शिकवून त्याची मजुरी चुकती करावी, एवढी तरतूद फार मोठी नव्हे.

बालकवी ठोमरे यांचे हे जन्मगाव. त्यांची कविता वर्गात वाचली जाईल तेव्हा कोपऱ्यातील एका मुलास मान वर करून ती ऐकता यावी, ही अपेक्षा अवास्तव नाही. पटावर किती दिव्यांग मुलांची नावे आहेत, हे शासन विचारते. त्यांपैकी किती जण वर्गात नीट बसू शकतात, हेही त्याने आता विचारले पाहिजे.