संपाच्या छायाचित्राला वर्ष देताना

१/ समाजमाध्यमांवर मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मोर्चाची काळीपांढरी छायाचित्रे सतत फिरत असतात. बहुतेकांखाली एकच ओळ असते : ‘१९८२ चा संप’. काहींखाली १९२८ लिहिलेले असते. हे वर्ष कशावरून ठरवले, याचा खुलासा मात्र क्वचितच आढळतो.

२/ गिरणगावाने अनेक संप पाहिले. जुलै १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. १९२८ चा संप एप्रिल ते ऑक्टोबर चालला. १९३८, १९५० आणि १९७४ मध्येही कामगार रस्त्यावर उतरले. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालील संप सुरू झाला तो १८ जानेवारी १९८२ रोजी. सर्वांत प्रसिद्ध संप हाच. म्हणून वर्ष माहीत नसलेले प्रत्येक छायाचित्र त्याच्याच पदरात पडते.

३/ काळनिर्णयाची शिस्त तशी साधी आहे. छायाचित्रातील एखादी वस्तू सांगते, ‘याआधीचे हे नाही.’ दुसरी सांगते, ‘यानंतरचे हे नाही.’ अभ्यासकाच्या हाती प्रथम येतात त्या या दोन सीमा. नेमके वर्ष लाभलेच, तर ते शेवटी.

४/ रस्त्यावर ट्राम धावत असेल, तर ते दृश्य ३१ मार्च १९६४ नंतरचे असू शकत नाही; त्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम धावली. रस्त्यात केवळ रूळ दिसत असतील, तर हा निष्कर्ष काढता येत नाही. गाडी बंद झाली म्हणून रूळ त्याच रात्री उखडले जात नाहीत. दुमजली बस दिसली, तर काळ १९३७ किंवा त्यानंतरचा.

५/ तिरंग्यावर चरखा आहे की अशोकचक्र, हेही पाहावे. अशोकचक्रांकित ध्वज संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी स्वीकारला. चरख्याचा ध्वज मात्र जुना म्हणून घरात जपलेला, नंतर कधीतरी बाहेर काढलेलाही असू शकतो. नव्या वस्तूची साक्ष पक्की असते. जुन्या वस्तूची साक्ष तपासून घ्यावी लागते.

६/ सर्वांत बोलका पुरावा म्हणजे फलक. पण फसगतही तेथेच होते. लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन १९२८ मध्ये स्थापन झाली. सामंतांच्या संघटनेचे नाव होते महाराष्ट्र गिरणी कामगार युनियन. चौकटीच्या कडेला फलक कापला गेला आणि पहिला शब्द बाहेर राहिला, की अर्ध्या शतकाचे अंतर पुसले जाते. फलकावर मुंबई औद्योगिक संबंध कायद्याचा निषेध असेल, तर मात्र शंका उरत नाही : तो कायदा १९४६ चा आहे, त्याआधीचा मोर्चा त्याचा निषेध कसा करील?

७/ धोतर, टोपी, अनवाणी पाय यांवरून वर्ष ठरवणे धोक्याचे. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांचा पोशाख पिढी बदलली तरी झटकन बदलला नाही. छत्र्या दिसल्या तर ऋतू कळतो, वर्ष नाही; १९२८ आणि १९८२ हे दोन्ही संप पावसाळ्यातून गेले. काळापांढरा रंगही प्राचीनतेची खूण नव्हे. १९८२ मध्ये वृत्तपत्रे काळीपांढरीच छायाचित्रे छापत होती.

८/ छायाचित्राची मागील बाजू ही खरी ठेव. छायाचित्रकाराचा शिक्का, निगेटिव्हचा क्रमांक, पेन्सिलीने केलेली नोंद तेथे असते. समोरची बाजू तेवढी स्कॅन करून पुढे पाठवणारा नकळत हा पुरावाच मागे टाकतो. वृत्तपत्राच्या कात्रणावरची तारीखही छपाईची. छायाचित्र जुन्या संग्रहातून काढलेले असू शकते.

९/ यावर कोणी म्हणेल, वर्ष चुकले तर बिघडले काय? कामगार तेच, रस्ता तोच, कष्टही तेच. हा युक्तिवाद वरकरणी सहानुभूतीचा असला, तरी प्रत्यक्षात तो त्याच कामगारांवर अन्याय करतो.

१०/ कारण मागण्या त्याच नव्हत्या. १९०८ चा संप एका राजकीय शिक्षेविरुद्ध होता. १९२८ मध्ये कार्यक्षमतेच्या नावाखाली एकाच विणकराकडे अधिक माग सोपवून मजुरी आणि माणसे कमी करण्याला विरोध होता. १९८२ मध्ये पगार आणि बोनसच्या बरोबरीने प्रश्न होता, कामगारांच्या वतीने बोलण्याचा हक्क कोणत्या संघटनेला. चुकीचे वर्ष दिले, की त्या चेहऱ्यांच्या तोंडी दुसऱ्याच पिढीची मागणी जाते.

११/ चूक एका बाजूची नसते. १९८२ च्या नावावर प्रत्येक चित्र चढले, की आधीचे संप दिसेनासे होतात. आणि गिरणगावाचा सारा इतिहास एका पराभवाची कथा होऊन बसतो. १९२८ मध्ये सहा महिने गिरण्या बंद ठेवणाऱ्या सुमारे दीड लाख कामगारांना हा शेवट लागू पडत नाही.

१२/ म्हणून छायाचित्राखालची प्रामाणिक ओळ अशी असावी : ‘१९४७ नंतर, १९६४ पूर्वी, ध्वज व ट्राम यांवरून.’ ही ओळ कमी आकर्षक आहे, पण तिच्यात पुरावा आहे आणि पुढच्या अभ्यासकाला ती सुधारता येते. केवळ ‘१९८२’ लिहिले, तर शोध तेथेच थांबतो. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. आता ही चित्रेच त्या मोर्चांचे साक्षीदार आहेत. साक्षीदाराने जे सांगितलेच नाही, ते त्याच्या नावावर खपवू नये.