मुलाच्या खोलीतले घोडे कोणाचे?

दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा सुरू झाली की आमच्या दवाखान्यात धुळीचा खोकला, बसलेले घसे आणि बाहेरचे खाऊन बिघडलेली पोटे यांची गर्दी होते. तापीकाठचा तो घोडेबाजार पाहून आलेला माणूस सहसा रिकाम्या हाताने परतत नाही. खरा घोडा घेणे प्रत्येकाच्या ऐपतीतले नसते. मग घोड्याचे चित्र घरी येते. अशाच एका चित्राने मला धडा शिकवला. तो आज वाचकांपुढे ठेवतो.

एक गृहस्थ आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आले. सोबत मुलाची आई आणि आजी. मुलगा रात्री रडत उठतो, पुन्हा झोपायला तयार होत नाही, दिवसा किरकिर करतो आणि शाळेत पेंगतो, अशी तक्रार होती. आजींचे दृष्ट काढून झाले होते. ‘डॉक्टरसाहेब, झोपेत दातही खातो,’ असे आई म्हणाली आणि मी जंताचे औषध लिहून मोकळा झालो. दात खाणे म्हणजे जंत, हा समज आपल्याकडे घट्ट आहे. त्याला शास्त्राचा भक्कम आधार नाही हे ठाऊक असूनही गर्दीच्या वेळी माझ्या हातून तेच झाले. दहा दिवसांनी मंडळी पुन्हा हजर. दुखणे जिथल्या तिथे.

या वेळी मोठ्यांना थांबवून मी मुलालाच विचारले, ‘बाळा, रात्री काय होतं रे?’ त्याने आधी आजीकडे पाहिले आणि हळूच म्हणाला, ‘घोडे अंगावर येतात.’ ‘कुठले घोडे?’ ‘भिंतीवरचे.’

वडील ओशाळले. यात्रेच्या वेळी त्यांनी सात धावत्या पांढऱ्या घोड्यांचे मोठे चित्र आणले होते आणि मुलाच्या पलंगासमोर लावले होते. घोडे सरळ पाहणाऱ्याच्या दिशेने उधळलेले. खोलीत लाल झिरो बल्ब, वर पंखा आणि पंख्याच्या वाऱ्याने हलणारा चित्राचा कागद. ‘मुलगा आयुष्यात पुढे जावा म्हणून लावलं हो, डॉक्टरसाहेब,’ ते म्हणाले. त्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण रोज रात्री त्या घोड्यांसमोर एकटे पडायचे होते ते त्या मुलाला.

वाचकहो, तीन ते सहा या वयात मुलाची कल्पनाशक्ती फार वेगाने वाढते. खरे काय आणि भासलेले काय, ही समज मात्र त्यामानाने सावकाश येते. अंधाराची, प्राण्यांची, राक्षसाची भीती या वयात वाटणे हा आजार नव्हे. मंद उजेडात आकार अर्धवट दिसतात आणि उरलेला भाग मन आपल्या परीने भरून काढते. खुंटीवरचा सदरा मोठ्यांनाही क्षणभर माणसासारखा भासतो. मग पाच वर्षांच्या पोराला मोठे डोळे आणि फुगलेल्या नाकपुड्या चाल करून येताना दिसल्या, तर त्याला भित्रा का म्हणावे?

येथे दोन गोष्टींतला फरक आईवडिलांनी ओळखावा. वाईट स्वप्न बहुधा उत्तररात्री पडते. मूल पूर्ण जागे होते आणि काय दिसले ते सांगू शकते. दुसऱ्या प्रकारात मूल झोपेच्या पहिल्या दोन-तीन तासांत किंचाळून उठते, डोळे उघडे असतात, पण समोरच्याला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. अशा वेळी त्याला गदागदा हलवून जागे करू नये. इजा होणार नाही एवढे पाहावे. मूल आपोआप शांत झोपते. मात्र अंग ताठ होणे, झटके येणे, रोज मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडखळणे किंवा दिवसा सतत पेंगणे असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. तेथे चित्र बदलून भागणार नाही.

आता माझे मत. मुलाच्या खोलीतले चित्र हे मुलाचे असते. ते आईबापांच्या महत्त्वाकांक्षेची पाटी नसावे. सूर्याच्या रथाला सात घोडे असतात, अशी आपली श्रद्धा आहे. ज्यांना ते चित्र शुभ वाटते त्यांनी बैठकीत किंवा दुकानात खुशाल लावावे. पण मुलाच्या उशापायथ्याशी काय असावे, हे त्यालाच विचारावे. ‘त्याला काय कळतं?’ असे कृपा करून म्हणू नका. औषध कडू आहे हे ज्याला कळते, त्याला चित्राची भीती वाटते हेही कळते.

धावते घोडे सगळ्यांनाच भिववतात असेही नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका नऊ वर्षांच्या मुलीने हट्टाने उधळत्या घोड्यांचे चित्र लावून घेतले आहे आणि ती गाढ झोपते. फरक एवढाच की ते तिने निवडले. लहान मुलासाठी शांत उभी घोडी आणि तिचे शिंगरू, लाकडी घोडा, यात्रेत त्याने स्वतः पाहिलेल्या घोड्याचा फोटो, असे काही दाखवून पाहावे. चित्र लावल्यावर दिवा मालवून, झिरो बल्बच्या उजेडात, मुलाच्या शेजारी पलंगावर आडवे होऊन ते एकदा पाहावे. उभ्याने पाहिलेले चित्र आणि झोपून पाहिलेले चित्र एक नसते.

काही व्यवहाराच्या गोष्टी. काचेची जड चौकट पलंगाच्या वर लावू नये. खिळा कधी निसटेल याचा नेम नाही. फार लहान मुले चिकटचित्रांचे तुकडे सोलून तोंडात घालतात, म्हणून ती त्यांच्या हाताला लागू देऊ नयेत. ओल आलेल्या भिंतीवर मोठे चित्र लावून ओल झाकू नये. मागे बुरशी वाढते आणि दम्याच्या मुलाला ती बाधते. भिंतीवर घोडे रंगवून घेणार असाल, तर रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत मुलाला दुसरीकडे झोपवा. घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, अधिक नसावे, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्यापूर्वीच्या रंगाचे पोपडे निघत असतील, तर ते मुलांदेखत कोरडे घासू नका. शिशाची धूळ पोटात गेली तर वाढत्या मेंदूला अपाय होतो.

त्या मुलाचे पुढे काय झाले? चित्र बैठकीत गेले. पहिले काही दिवस आजी त्याच्याजवळ झोपल्या. झोप एका रात्रीत सुधारली नाही. दोन-अडीच आठवडे लागले. चित्र हेच एकमेव कारण होते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आजींचा हात आणि वडिलांनी त्याचे ऐकून घेणे, यांचाही गुण आला असेल. रिकाम्या जागेवर आता त्याने स्वतः खडूने काढलेला घोडा आहे. त्याला पाय पाच आहेत. वडील म्हणाले, ‘एक पाय जास्त झालाय हो.’ मुलाने उत्तर दिले, ‘तो बसायचा पाय आहे. तो पळत नाही.’

मी दवाखान्यात तीस वर्षे नाड्या पाहतो आहे. पण त्या दिवशी मुलाला पहिल्याच भेटीत एक प्रश्न विचारला असता, तर त्याच्या दहा रात्री वाचल्या असत्या. तो प्रश्न विचारायला डॉक्टरच लागतो असे नाही. आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी आपल्या मुलाला विचारून पाहा : ‘तुला इथून काय दिसतं?’