ॲप कोड शिकवतं, पण तिघांत मिळून काम?

४ ऑक्टोबर २०२५ ला केंद्र सरकारने ‘पीएम-सेतू’ योजना सुरू केली. ६० हजार कोटी रुपये खर्चून देशातल्या १,००० सरकारी आयटीआयचा कायापालट करायचा आहे. त्यात २०० मोठी केंद्रं आणि त्यांना जोडलेल्या ८०० संस्था. मी पडलो सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझी नजर थेट ‘कोपा’कडे गेली. हा दहावीनंतरचा एक वर्षाचा ट्रेड, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट. माण-खटाव किंवा जतच्या मुलामुलींसाठी या क्षेत्रात शिरायची ही स्वस्तातली वाट. एक्सेल, डेटाबेस, जावास्क्रिप्ट सगळं शिकायचं असतं. पण घरी कॉम्प्युटर नसला तर सराव कुठे करणार? मोबाइलवर.

मोबाइलवर काय मिळतं? पायड्रॉइड ३ हे ॲप नेट नसतानाही पायथन चालवतं, एसटीत बसूनही. फक्त सहा इंची स्क्रीनवर कीबोर्ड उघडला की कोडच्या चार-पाच ओळीच उरतात, आणि पायथनमध्ये तर एक स्पेस चुकली तरी सगळं अडतं. गूगलचं ग्रासहॉपर २०१८ मध्ये आलं, छान होतं, २०२३ मध्ये बंद झालं. फुकटच्या ॲपवर पूर्ण वर्ष टांगून ठेवू नका, एवढंच.

मला जास्त भरवशाचं वाटतं ते आयआयटी मुंबईचं ‘स्पोकन ट्युटोरियल’. साधारण दहा मिनिटांचे व्हिडिओ, स्क्रीन इंग्रजीत, आवाज मराठीत. डाउनलोडही होतात. पद्धत अशी: थोडं ऐका, थांबवा, लगेच स्वतः करून बघा. लॅबमध्ये मोबाइल बाजूला ठेवून कॉम्प्युटरवर करायला हे अगदी बरोबर बसतं.

पण ॲप तुम्हाला एकटं शिकवतं आणि नोकरीत एकटं कोणी काम करत नाही. समजा, सांगलीच्या हळद बाजारातल्या आवकेची नोंद ठेवायचं छोटं सॉफ्टवेअर तिघांनी करायला घेतलं. एकाने फॉर्म केला, दुसरीने डेटाबेस, तिसऱ्याने रिपोर्ट. फॉर्ममध्ये वजन किलोत, रिपोर्टमध्ये क्विंटल. एकाची तारीख ०५/०६ म्हणजे ५ जून, दुसरीची ६ मे. प्रत्येकाचा भाग एकटा चालवला तर ओक्के! जोडला की शंभरपट हळद आणि महिनाभर आधीची. ॲपमधल्या पर्याय निवडायच्या प्रश्नांत ही भानगड कधीच येत नाही, कारण तिथे दुसरा माणूसच नसतो.

यावर उपाय महाग नाही. एका कॉम्प्युटरवर दोघं बसा. एक टाइप करेल, दुसरा वाचत चुका पकडेल, अर्ध्या तासाने जागा बदला. कंपन्यांत याला पेअर प्रोग्रॅमिंग म्हणतात आणि ते मशीन कमी आहेत म्हणून करत नाहीत. जागा मात्र बदलाच, नाहीतर ज्याला येतं तोच टाइप करत राहतो आणि दुसरा वर्षभर नुसता बघतो. (मुलींना ‘तू रिपोर्ट लिही’ म्हणून बाजूला बसवणं इथूनच सुरू होतं.)

कोड गिटहबवर ठेवा. त्याचं मोबाइल ॲप लिहायला नाही, पण मित्राचा कोड वाचून त्यावर शंका टाकायला उत्तम आहे. कोणी काय बदललं, कधी बदललं, सगळं तारखेसह राहतं. मुलाखतीत सर्टिफिकेटसोबत ती लिंक उघडून दाखवा. समोरचा इंजिनिअर आधी तीच वाचेल. मी तरी तेच करतो.